बावीस दाते

२०२३ साल होतं. मी एकाहत्तर वर्षांचा. सावद्याला स्टँडच्या रस्त्यावर सायकलचं दुकान टाकून मला पंचेचाळीस वर्षं झाली होती आणि तोवर कोणत्याही सायकलीपुढे मी हात टेकले नव्हते. बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, बढाईच आहे, पण खोटी नाही.

माझं शिक्षण चौथी, तीही अर्धी. लिहायचा सराव नाही. पण मंदाबाईंबद्दल कोणीतरी लिहून ठेवायला पाहिजे. ज्यांना चांगलं लिहिता येतं त्यांना बाई नीट माहीत नाहीत, आणि मला माहीत आहेत. म्हणून हा खटाटोप.

मंदाबाई सातपुड्याच्या पायथ्याला एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका होत्या. एकाच शाळेत एकतीस वर्षं. मूळच्या धुळ्याच्या. एरवी शुद्ध बोलायच्या, पण रागावल्या किंवा फार खूश झाल्या की अहिराणी तोंडात यायची. आम्ही सावद्याचे, आमची बोली वेगळी. त्यामुळे बाई नक्की रागावल्यात की खूश झाल्यात हे कळायला मला दोन-चार वर्षं लागली.

बुटक्या, किडकिडीत. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. रुमालाच्या कोपऱ्यात खडूचा तुकडा गाठ मारून ठेवलेला असायचा, रिटायर झाल्यावरसुद्धा. काही मनासारखं दिसलं की गाठ सोडायच्या आणि त्याच्यावर बरोबरची खूण करायच्या. केळीचा घड चांगला पडला तर केळीच्या खांबावर खूण. कुंभाराचा माठ आवडला तर माठावर खूण. एकदा मी त्यांच्या चाकाचे आरे ताणून दिले. चाक फिरवलं तर केसाएवढंही हललं नाही. बाईंनी माझ्या दुकानाच्या भिंतीवर ही एवढी मोठी खूण केली. त्या दिवाळीला घरच्यांनी चुना मारला, तेव्हा तेवढी जागा मी सोडायला लावली. गिऱ्हाइकं विचारायची, "भाऊ, आठी चुना संपला होता का?" मी म्हणायचो, "तुमले नाही समजणार."

फुली मात्र त्यांनी कधीच कशावर केली नाही. चुकलं असेल तिथे त्या "पुन्हा" असं लिहायच्या. पाड्यावरचा सिकंदर तडवी हा त्यांचा जुना विद्यार्थी. आता चाळिशीचा आहे, बकऱ्या राखतो. तो सांगतो, एका हिशोबाला त्याला सतरा वेळा "पुन्हा" मिळालं. अठराव्या वेळी बरोबर आलं तेव्हा बाईंनी सगळ्या शाळेला गूळ-शेंगदाणे वाटले. मी त्याला म्हटलं, "सतरा वेळा चुकलास आणि वर सांगत फिरतोस?" तो म्हणाला, "चुकलो नाही भाऊ. पुन्हा केलं."

पाड्याला जायच्या वाटेवर सुकी नदीचं पात्र लागतं. नावासारखी नदी. पावसाळा सोडला तर नुसती वाळू, तीही अशी भुसभुशीत की घोट्यापर्यंत पाय जातो. बाई रोज आपली लेडीज सायकल अलीकडच्या काठाला निंबाखाली लावायच्या आणि चपला हातात घेऊन पात्र पायी ओलांडायच्या. नवरा लवकर गेला. पोरगा सुहास, पदर धरून त्यांच्याबरोबरच त्या वाळूतून चालला, त्याच शाळेत शिकला, मोठा होऊन पुण्याला कंपनीत लागला. आणि करोनात गेला. बाईंना त्याचं तोंडही पाहायला मिळालं नाही.

त्याचं सामान दोन वर्षांनी टेम्पोने आलं. त्यात ही सायकल होती.

बाई ती ढकलत माझ्या दुकानात घेऊन आल्या. मी असली सायकल तोवर फक्त मोबाइलमध्ये बघितली होती. टायर चार इंच रुंद. मोटारसायकललाही असं टायर नसतं.

"बाई, हे आठी कशाले आनलं? हे तर ट्रॅक्टर आहे."

"सुहासची सायकल शे, भाऊ," बाई म्हणाल्या. अहिराणी ऐकली आणि मी थट्टा बंद केली.

मग त्यांनी सांगितलं. सुहासने ती विकत घेतली तेव्हा फोन केला होता. म्हणाला होता, आई, या टायरांवर मी आपली वाळू पाय न टेकता पार करीन. सुट्टी मिळाली की येतो. ती सुट्टी काही आली नाही.

"आता ते मला करायचं आहे," बाई म्हणाल्या. "या काठापासून त्या काठापर्यंत. पाय न टेकता."

"तुम्ही?"

"मग कोण?"

"या वयात, बाई..."

"तुमचं वय काय हो?"

बाई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान होत्या.

सुहास उंच होता. सीट मी पार खाली उतरवली, हँडल वर घेतलं. हे सोपं काम. अवघड होतं ते मागे. टेम्पोत मागच्या गेअरची मान पिचकली होती. पितळीसारख्या सात चकत्यांची उतरंड, तिच्याखाली लोंबणारी ती चेन सरकवणारी कातरी. सरळ झाली असती कदाचित. पण मला मुळात गेअर पसंतच नाही. माणसाने सायकल चालवावी, सायकलीने माणसाला सवलत देऊ नये, हे माझं मत. जन्मभर मी दूधवाल्यांच्या, टपालवाल्यांच्या काळ्या सायकली बांधल्या. मागे पन्नास-पन्नास लिटर दूध. त्यांना कुठे होता गेअर?

"हे सगळं काढून टाकतो," मी म्हटलं. "दात्यांचं एकच चाक पुढे, एकच मागे. गेअर म्हणजे आपली मांडी."

"मांडी तुमची धरू की माझी?" बाईंनी विचारलं.

मी काढून टाकलंच. टायर एवढं रुंद की साधी चेन त्याला घासत होती. म्हणून माल वाहायच्या तीनचाकीची लांब एक्सल टाकली, पुढचं दात्यांचं चाक बाहेर घेतलं, मोडक्या गेअरची एक पुली चेन ताणायला ठेवली. काम देखणं झालं होतं. मी अजूनही म्हणेन, देखणं. पुढे चव्वेचाळीस दाते, मागे बावीस. मागे दाते जास्त तेवढा पायाला जोर कमी, म्हणून मागे बावीस म्हणजे माझ्या हिशोबाने बाईमाणसाला दिलेली मोठी सूट होती.

बाईंनी जन्मभर साडीवर सायकल चालवली. पण या सायकलीचा दांडा आडवा. दुसऱ्या दिवशी त्या पंजाबी ड्रेस घालून आल्या, त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा. पायांत शाळेतले पांढरे बूट. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. मी हळूच म्हटलं, "बाई, लोक हसतात."

"हसू दे. मनं काय जास?"

चढून बसल्या आणि निघाल्या. वीज ऑफिसपर्यंत दिसत होत्या. पाऊण तासाने सायकल ढकलत परत आल्या. ओठ पांढरे पडले होते. पाणी प्यायल्या, स्टुलावर बसल्या, खडू काढला आणि माझ्या भिंतीवर लिहिलं: पुन्हा.

माझ्या भिंतीवर! पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आता माझी एक गोष्ट सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी चौथीतून पळालो तो भागाकारापायी. बाकी उरली की मास्तर छडी मारायचे. एक दिवस उठलो आणि चालता झालो, परत गेलो नाही. हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही. दुकानात गेअरचा अंदाज घ्यायची माझी रीत वेगळी. मागच्या आऱ्याला लाल दोरा बांधायचा, चाक अधांतरी धरायचं, पायडल एक वेळा फिरवायचं आणि दोरा किती वेळा वर येतो ते मोजायचं. बाई बघत बसल्या होत्या. माझा दोरा दोनदा वर आला.

बाईंना कळलं. काय कळलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. खाली फरशीवर जुन्या चेनच्या कड्या पडल्या होत्या. त्यातल्या चव्वेचाळीस मोजून घेतल्या आणि माझ्यासमोर मांडल्या.

"भाऊ, याच्या बावीस-बावीसच्या वाटण्या करा."

मी केल्या. दोन झाल्या.

"म्हणजे मी पाय एकदा फिरवला की हे दांडगं चाक दोनदा फिरतं. वाळूत. आता पुढे बत्तीस दाते असते तर? बत्तीस घ्या. बावीसच्या वाटण्या करा."

एक वाटणी झाली. दहा कड्या हातात राहिल्या. बाकी उरली. माझे कान गरम झाले. खरं सांगतो, एकाहत्तराव्या वर्षी हात मागे घ्यावासा वाटला.

"उरलेल्या दहा कुठे जातात, माहीत आहे?" बाई म्हणाल्या.

"कोठी?"

"माझ्या गुडघ्यात."

मी असा हसलो की डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून मला भागाकार येतो.

मी पुढे बत्तीस दात्यांचं चाक टाकलं. रस्त्यावर बाई झकास चालवायला लागल्या. सकाळी फैजपूरच्या रस्त्याला केळीच्या बागांच्या कडेने जायच्या, येताना हँडलला कधी वांगी, कधी केळीची पानं. थंडीत एकदा कळण्याची भाकरी आणि भरीत घेऊन आल्या आणि दुकानात ऑइलच्या वासात आम्ही जेवलो. बाईंनी बत्तीसच्या चाकासाठी भिंतीवर अर्धीच खूण केली. खाली येणारी रेघ ओढली, वर जाणारी नाही.

"ही काय भानगड?"

"रस्त्याची अर्धी. वाळूची अजून बाकी आहे. भाऊ, वाळूसाठी एकाला एक लागेल. पुढे बावीस, मागे बावीस. पाय एकदा, चाक एकदा."

इथे माझं डोकं फिरलं. एकाला एक कुठे असतं? लहान लेकराच्या तीनचाकीला. जिचं पायडल चाकालाच ठोकलेलं असतं. माझ्या दुकानातून मोठ्या माणसाची सायकल तशी बाहेर पडली तर लोक काय म्हणतील? म्हातारा भाऊ खेळणी बनवायला लागला?

"पाय नुसते गरागरा फिरतील आणि सायकल तिथंच," मी म्हटलं. "बत्तीसवर होतं. जोर पाहिजे. तुम्ही जोर लावत नाही."

"बठ्ठा जोर पायमाच ऱ्हास का, भाऊ?" बाई म्हणाल्या. सगळा जोर काय पायातच असतो का, असं विचारत होत्या. या वेळी ती खुशीची अहिराणी नव्हती.

पुढच्या महिन्यात त्या भावाकडे धुळ्याला गेल्या. मला वाटलं, सहज गेल्या. आठ दिवसांनी आल्या आणि रुमालातून एक दात्यांचं चाक काढून माझ्या पाटावर ठेवलं. धुळ्याच्या एका लेथवाल्याकडून करून आणलं होतं. मी बोटाने दाते मोजले. बावीस. भोकं बरोबर माझ्या एक्सलच्या मापाची. बाईंनी माझ्या मागे कधी दोऱ्याने मोजली कोण जाणे. काम सुरेख होतं. त्याचंच मला जास्त लागलं. माझ्या दुकानातली सायकल आणि माप दुसऱ्याच्या लेथवर!

"बघू नंतर," मी म्हणालो आणि ते चाक भिंतीवर खिळ्याला अडकवून टाकलं. "आधी माझ्या बत्तीसवर वाळूत जाऊन दाखवा. नाहीच झालं तर बघू."

बाईंनी एकदा खिळ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. सुहासच्या वाढदिवसाला जाऊ."

फेब्रुवारीतली सकाळ. मी माझ्या जुन्या सायकलवर, बाई त्यांच्या जाड टायरवर. निंबापर्यंत बरोबर गेलो. हवा कमी केली म्हणजे टायर वाळूवर पसरतं, एवढं मला कळत होतं. तेवढी मी कमी करून दिली. पलीकडच्या काठावर सिकंदर आणि पाड्यावरची आठ-दहा माणसं उभी होती. सगळी बाईंच्या हाताखालून गेलेली.

बाई उतारावरून वाळूत शिरल्या. टायर बुडालं नाही. एवढं रुंद चाक वाळूवरून असं चाललं, जसं मांजर पत्र्यावरून चालतं. मला माझ्या कामाचा गर्व वाटला. अर्ध्यापर्यंत गेल्या. मग हळू झाल्या. एकेक पायडल दाबताना सगळं अंग त्या बाजूला झुकत होतं. मी काठावरून ओरडलो, "जोर लावा बाई! जोर!"

त्या जोर लावत होत्या.

"अजून जोर! होतंय! थांबू नका!"

पलीकडचा काठ वीस हातांवर असेल. सायकल उभी राहिली. बाईंनी पाय टेकला.

सिकंदर पलीकडून पळत निघाला. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. मलाही थांबवलं. सायकल आडवी ठेवली आणि वाळूत खाली बसल्या, पाठ आमच्याकडे. बराच वेळ बसल्या. मला वाटलं, पोराची आठवण आली असेल. बसू द्यावं.

परत आल्या तेव्हा चालत आल्या. छातीवर हात होता. आणि मी काय बोललो? हे लिहायचं नव्हतं, पण हे सोडून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "बाई, सायकल कमी पडली नाही. दम कमी पडला."

"हो, भाऊ," बाई म्हणाल्या. एवढंच.

दुकानात आल्यावर त्यांनी रुमालाची गाठ सोडली. बत्तीसची जी अर्धी खूण होती तिच्याखाली लिहिलं: पुन्हा. आणि खिळ्यावरच्या चाकाकडे बोट केलं. मी म्हटलं, "बघू."

"मी उद्या धुळ्याला जाते. पंधरा दिवसांनी येईन. तोवर बसवून ठेवाल?"

"बघू म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी धुळ्याची एस.टी. माझ्या दुकानावरून गेली. बाई खिडकीशी होत्या. मला बघून हसल्या. दोन्ही हातांचं एक-एक बोट वर केलं आणि काचेजवळ शेजारी शेजारी धरलं. एकाला एक. गाडी गर्दीत हळू झाली होती, बराच वेळ ती दोन बोटं तशीच होती. मी पंपाने एका चाकात हवा भरत होतो. मी मान खाली घातली, जसं काही दिसलंच नाही. पुन्हा वर बघितलं तेव्हा गाडी वळणावर गेली होती.

तेच शेवटचं.

पंधरा दिवस झाले. चाक खिळ्यावरच होतं. रोज दिसत होतं. उद्या बसवू, असं एकदाही मनात आलं नाही हे खरं सांगतो. बाई आल्यावर तोंडाने मागतील, मग उपकार केल्यासारखं बसवून देऊ, असं मनात होतं.

सोळाव्या दिवशी त्यांच्या भावाचा, दिलीप नानांचा फोन आला. बाई पहाटे झोपेतच गेल्या होत्या. मी पहिली गाडी धरली. पोचलो तोवर नेण्याची तयारी झाली होती. बाईंचा चष्मा काढून ठेवलेला होता. बिनचष्म्याच्या बाई मी पहिल्यांदा बघितल्या. ओळखीच्या वाटल्या नाहीत.

सगळं झाल्यावर नाना माझ्याशेजारी ओट्यावर बसले. म्हणाले, "दोन वर्षांपासून झडप खराब होती. हृदयाची. डॉक्टरनी ऑपरेशनला नाही सांगितलं, अंगात ताकद नव्हती. मागल्या महिन्यात तपासायलाच आली होती."

"मले नाही सांगितलं," मी म्हणालो.

"तिनंच बजावलं होतं. म्हणे, त्या सायकलवाल्या भाऊले सांगू नका. त्याले समजनं तर तो माले सायकलच देवाव नही."

मी नाहीच दिली असती. हेही खरं आहे. बाईंनी मला बरोबर ओळखलं होतं. पण त्या एवढंच मागत होत्या की आहे त्या दमात ती वाळू पार व्हावी. त्याचा हिशोब त्यांनी माझ्या फरशीवर कड्या मांडून मला शिकवला होता. मला भागाकार आला आणि कळलं काहीच नाही.

संध्याकाळी सावद्याला परत आलो. जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. खिळ्यावरून बावीसचं चाक काढलं, रॉकेलने पुसलं. बत्तीसचं उतरवलं, हे चढवलं. चेनच्या चार कड्या काढल्या, उरलेला ढिलेपणा पुलीने ओढून घेतला. दोरा बांधला नाही. गरज नव्हती. अर्ध्या तासाचं काम होतं.

सायकल घेऊन निंबापर्यंत गेलो. सीट बाईंच्या मापाची होती, ती वर केली नाही. गुडघे हँडलला लागत होते. टायरमधली हवा कमी केली आणि वाळूत शिरलो. पाय एकदा, चाक एकदा. पाय एकदा, चाक एकदा. बाई बसल्या होत्या ती जागा आली आणि गेली. जोर लावावा लागला नाही. पलीकडचा काठ चढून मी सिकंदरच्या बकऱ्यांच्या कुंपणापाशी थांबलो आणि तिथे पाय टेकला.

मला दम लागला नव्हता.